दोन एकादश्यांमधला तास

अंबरनाथच्या प्राचीन शिवालयात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. तिथल्या गारव्यात, अर्ध्या उजेडात जो बसला आहे, ज्याच्या डमरूतून पहिला नाद निघाला असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्याला नमस्कार करून मी हे लिहायला घेतो. शारदेने माझा हात धरावा. हात आता कापतो, अक्षर वाकडे येते. तिला सरळ करून घेता आले तर घ्यावे.

लिहिण्याचे निमित्त एवढेच की यंदाच्या पंचांगात कार्तिक शुद्ध एकादशी पुन्हा लागोपाठ दोन दिवस छापली आहे. पहिली स्मार्तांची, दुसरी भागवतांची. आमचे घर स्मार्त. आम्ही पहिल्या दिवशी उपवास धरतो आणि दुसऱ्या दिवशी सोडतो. असे दोन दिवस आले म्हणजे इतर घरांत साबुदाणा कधी भिजवायचा एवढाच प्रश्न पडतो. मला मात्र उल्हासनगरचा एक बार आठवतो, तिथे नोकरीला असलेले गाणी वाजवणारे दोघे जण आठवतात, आणि ऐकायचा राहून गेलेला एक तास आठवतो.

माझी सारी नोकरी अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस नववीत संस्कृत घेणाऱ्यांची यादी माझ्या हाती आली, तीत एक मुलगा बौद्ध वस्तीतला होता. वडील एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात पाळीवर. पहिल्याच दिवशी मी त्याला उभे करून विचारले, "तुला झेपेल का रे संस्कृत?" वर्गात आणखी तीस मुले होती. त्यांच्यातल्या एकालाही मी हे विचारले नव्हते. तो म्हणाला, "बघू की, सर," आणि खाली बसला. त्या प्रश्नाची लाज मला वाटायला हवी होती. ती त्या दिवशी वाटली नाही, हे इथे नोंदवले पाहिजे.

दिवाळीनंतर मी छंद शिकवायला घेतले. अनुष्टुभाचा आठ अक्षरांचा चरण फळ्यावर मांडला, कोणते अक्षर लघू, कोणते गुरू, याच्या खुणा केल्या. त्याने हात वर केला.

"सर, हे आमच्या विहारात असतं."

"काय असतं?"

"हेच. वंदना म्हणतो ना आम्ही, तिच्यात. आठ-आठ अक्षरं. मी लहानपणापासून मोजतोय. ह्याला नाव आहे हे माहीत नव्हतं."

मग त्याने एका पाली गाथेचा चरण बोटांच्या पेरांवर मोजून दाखवला. अंगठा पेरावरून पेरावर सरकत होता आणि गुरू अक्षर आले की किंचित रेंगाळत होता. पाठशाळेत सहा वर्षे घालवून मी जे शिकलो, ते या मुलाच्या अंगठ्याला आधीच ठाऊक होते. त्या दिवशी मात्र मला माझा पहिला प्रश्न आठवला.

दहावीनंतर तो दिसेनासा झाला. शिक्षकाला याची सवय असते.

पुढे आठ-नऊ वर्षांनी माझा टेपरेकॉर्डर बिघडला. सकाळी पूजेच्या वेळी मी त्यावर स्तोत्रे लावत असे; आवाज असा लांबू लागला, जणू म्हणणाऱ्याला मध्येच डुलकी लागत होती. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दुरुस्तीचे एक चांगले दुकान आहे असे कळल्यावरून यंत्र पिशवीत घालून रिक्षाने तिकडे गेलो. दुकानात एक तरुण माणूस स्टुलावर बसून एका उघड्या पेटीतल्या तारा न्याहाळत होता. मला पाहून तो उठला आणि पायाशी वाकला. वाकण्याच्या त्या रीतीवरून नव्हे, उठल्यावर बोटांच्या पेरांवर टेकलेल्या अंगठ्यावरून मी त्याला ओळखले.

"काय करतोस हल्ली?"

"डीजे आहे, सर."

"म्हणजे?"

"गाणी वाजवतो."

"रेडिओवर?"

"नाही." तो उघड्या पेटीकडे बघू लागला. "बारमध्ये."

दुकानाचे मालक सिंधी गृहस्थ होते. डोळ्याला लावलेले भिंग न काढताच ते म्हणाले, "मास्टरजी, ये शरमा क्यों रहा है? पूरे कॅम्प में ऐसा जोड़ कोई नहीं लगाता. पूछो इससे."

मी विचारले. तेव्हा त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पानापानांवर गाण्यांचे मुखडे लिहिले होते आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर मी फळ्यावर काढत असे त्याच खुणा होत्या: लघूला अर्धवट चंद्र, गुरूला आडवी रेघ. त्याने मला समजावून सांगितले. त्याच्याकडे कॅसेटची दोन यंत्रे होती. एकावर गाणे चालू असताना दुसऱ्यावर पुढचे तयार ठेवायचे. पहिल्या गाण्याची शेवटची ओळ ज्या चालीच्या अक्षरांवर संपते, त्याच चालीच्या अक्षरांनी सुरू होणारे गाणे वहीत शोधायचे. मग दुसऱ्या यंत्राचा वेग खुंटी फिरवून इतका कमी-जास्त करायचा की दोन्ही ठेके एकाच पावलाने चालू लागतील. मग एकाचा आवाज उतरवायचा, दुसऱ्याचा चढवायचा.

"लोकांना दार उघडल्याचं कळत नाही, सर. ते चालत असतात, आणि एकदम लक्षात येतं की आपण दुसऱ्या खोलीत आलोय."

"आणि हे तू छंद मोजून करतोस?"

"दुसरं काय येतं मला?" तो हसला.

"मला ऐकायला मिळेल का?" मी म्हणालो, आणि शब्द निघून गेल्यावर मला कळले की मी काय मागितले आहे. पाठशाळेतून निघताना मी माझ्या गुरुजींना शब्द दिला होता की जिथे मद्य वाढले जाते त्या छताखाली मी जाणार नाही. तो शब्द पाळणे आजवर मला कधी अवघड गेले नव्हते, कारण कोणी बोलावलेच नव्हते. त्याला हे ठाऊक नव्हते. पण मला तो ओळखत होता. तो म्हणाला, "ड्राय डेला या, सर. त्या दिवशी आमच्याकडे दारूचा थेंब नसतो. आणि त्याच दिवशी आम्ही आमची गाणी वाजवतो."

हा त्या बारमधला जुना प्रघात होता. गांधी जयंती, प्रजासत्ताक दिन, मोठ्या एकादश्या, मतदानाचे दिवस, अशा वेळी सरकारी हुकुमाने दारू बंद असे. गिऱ्हाईक नसे. मालक कपाटांना कुलपे घालीत, नोकरमाणसे फरशी धुवून काढीत, आचारी सगळ्यांपुरते काही रांधी, आणि दुपारभर दोघे डीजे आपापल्या आवडीचे वाजवीत. एरवी संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या येत आणि त्या वर्षी गल्लोगल्ली वाजणारीच गाणी त्यांना लावावी लागत. स्वतःची आवड वर्षातून पाच-सहा दुपारी.

घरी सांगितल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, बारमध्ये जाताय?"

"बंद असलेल्या बारमध्ये."

"बंद देवळात जाऊन दर्शन होतं का?" ती म्हणाली. पण धोतराला इस्त्री तिनेच करून दिली.

अशा रीतीने दोन ऑक्टोबरच्या दुपारी मी आयुष्यात प्रथम अशा ठिकाणी पाऊल ठेवले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. फिनाइलचा वास होता, आणि मालकाने झूलेलालाच्या तसबिरीपुढे लावलेल्या उदबत्तीचा. मालक साठीचे, पांढऱ्या सदऱ्यातले. ते हात जोडून म्हणाले, "आओ साईं, आज हमारा बार भी आश्रम है." मला खिडकीजवळ एक खुर्ची सरळ करून दिली आणि स्टीलच्या पेल्यात पाणी आणून ठेवले, काचेचा ग्लास मुद्दाम टाळला होता, हे माझ्या लक्षात आले.

तिथे मी दुसऱ्या डीजेलाही पाहिले. तो पन्नाशीचा, बदलापूरकडचा. उमेदीच्या वयात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत असे. पुढचे दोन दात पडले आणि फुंकर निसटू लागली, तेव्हा ते वाद्य सोडून तो कॅसेटच्या यंत्रांमागे येऊन बसला. त्याची आवड एकच होती. ज्या गाण्यात ट्रंपेट असेल तेच त्याला गाणे वाटे. सूर लागायच्या आधी तो बोट वर करी आणि सगळ्यांना गप्प करी.

"मास्तर, आता बघा. आता येल." आणि ते आठ-दहा स्वर येत. त्याचे ओठ नकळत आवळले जात, गाल किंचित फुगत. स्वर संपले की बाकीच्या गाण्याशी त्याला कर्तव्य नसे.

गाणे जोडण्याच्या तो सक्त विरुद्ध होता. "गाणं सरलं म्हंजे सरू द्यावं. मानसानं टाळी कधी वाजवायची? ह्याचं गाणं सरतच नाय. मानूस मूत धरून बसतो." आणि मग जीभ चावून, "माफी असावी, मास्तर."

"काका, तुमच्या गाण्यात ट्रंपेट मेलं की गाणं मरतं," माझा विद्यार्थी म्हणे.

"अरे, तू बोटं मोज. बोटं मोजून कोन नाचलाय का?"

विद्यार्थ्याची आवड निराळी. संध्याकाळी जी माणसे त्याच्या तालावर नाचत, त्यांना कधी कळले नसेल की या माणसाला संथ गाणी आवडतात. जड पावलांची, ज्यांत गाणारा ओळ संपवून श्वास घेतो तो ऐकू येतो अशी. त्याच्या वस्तीत एप्रिलातल्या जयंतीच्या आधीच्या दिवसांत गायली जाणारी गाणी, कव्वालीच्या वळणाची, हातांच्या टाळीवर उभी असलेली; ती तो बारमध्ये एरवी कधी लावत नसे. मी विचारले, का नाही? तो म्हणाला, "चिठ्ठीवर येत नाहीत, सर. आणि आली तरी ती पिणाऱ्यांपुढे नाही लावणार." त्या दुपारी त्याने लावली. आणि एका ठिकाणी त्या टाळीतून एक साधे प्रेमगीत असे वर आले की मी खुर्चीत पुढे सरकलो. कुठे संपले आणि कुठे सुरू झाले, मला सांगता येईना; मी, ज्याने सारी नोकरी ओळीतल्या यतीची, म्हणजे थांब्याची, जागा दाखवण्याचे काम केले.

मग मी जात राहिलो. दोन-अडीच वर्षांत बहुधा आठ-नऊ दुपारी. कधी आचाऱ्याने केलेली खिचडी, कधी नुसता चहा. तो मला छोटे-छोटे जोड ऐकवी, दोन गाण्यांचे, तीन गाण्यांचे. पण त्याच्या मनात काही मोठे होते. एकदा म्हणाला, "सर, मी एक तास बांधतोय. पूर्ण एक तास. सुरुवात आमच्या वंदनेच्या चालीची, मग चढत जाईल, काकांचं ट्रंपेट पण येईल त्यात, आणि पुन्हा खाली उतरेल. एकही ठिगळ दिसणार नाही. झाला की तुम्हाला पहिला ऐकवणार. तुम्ही जोडाची जागा शोधून दाखवा."

मी म्हणालो, "शोधीन."

माझ्या हयातीत मला कोणी काव्य अर्पण केलेले नाही. हा तास मला अर्पण होणार होता, आणि त्याची वाट मी उघडपणे पाहू लागलो. पत्नी विचारी, "झाला का तुमच्या शिष्याचा तास?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यास हवा बदलली. गिऱ्हाइकांना कॅसेटपेक्षा समोर उभे राहून गाणारी माणसे हवी झाली. आजूबाजूच्या बारनी ऑर्केस्ट्रा आणले. आमच्या मालकांनीही ठरवले. त्यांनी दोघांना बसवून नीट सांगितले. बदलापूरच्या काकांना गल्ल्याजवळचे काम दिले, आणि माझ्या विद्यार्थ्यासाठी स्वतः ओळख काढून गोव्याच्या एका हॉटेलात जागा पाहिली. जाण्याची तारीख ठरवायची होती. तो अंबरनाथला माझ्या घरी आला.

"सर, तास झालाय. कार्तिकी एकादशीला बार बंद असतो. त्या दुपारी तुम्हाला ऐकवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघतो. कधी आहे एकादशी?"

मी पंचांग उघडले आणि तारीख सांगितली. सवयीने, आमच्या घरी जी पाळतात ती. खालच्या ओळीत दुसऱ्या दिवशी "भागवत एकादशी" असे छापले होते. ते मी वाचलेही असेल. मला पंचांग शिकवावे लागत नाही, लोकांना मीच शिकवतो, आणि म्हणूनच माझी नजर त्या ओळीवर थांबली नाही. मला त्याने उपवासाचा दिवस विचारला नव्हता. सरकार दारू कधी बंद ठेवणार हे विचारले होते. त्या वर्षी सरकारी हुकूम दुसऱ्या दिवसाचा होता.

त्याने माझ्या शब्दावर बसचे आरक्षण केले. बारच्या मालकांनीही सरकारी कागदाची वाट पाहिली नाही. "मास्टरजी ने बोला है तो पक्का," असे ते म्हणाल्याचे मला नंतर कळले.

एकादशीच्या दुपारी चारला मी रिक्षातून उतरलो. अंगावर नवे उपरणे होते. बारचे शटर वर होते. काळ्या काचेच्या दारापाशी गणवेशातला दरवान उभा होता आणि दोन माणसे दार ढकलून आत जात होती. दार उघडले तेवढ्या क्षणात तो वास बाहेर आला. मी रस्त्याच्या कडेला थांबलो.

थोड्या वेळाने माझा विद्यार्थी बाहेर आला. तो बहुधा काचेतून रस्ता बघत होता.

"सर, बंद आज नाही. उद्या आहे. मी दुपारी आलो तर शटर वर. शेटना काल रात्री कागद आला."

"आणि तुझी बस?"

"उद्या सकाळी सात. परवा तिथे हजर व्हायचंय."

मी पंचांगाची गोष्ट त्याला सांगू लागलो: दशमीचा वेध, अरुणोदय, स्मार्त आणि भागवत. वाहनांच्या गोंगाटात, भर रस्त्यावर. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुमचा दिवस चुकला नाही, सर. सरकारचा चुकला."

मी विचारले, "कॅसेटवर भरून देशील का?"

"दोन्ही मशीन वाजवायला लागतात. भरायला तिसरं पाहिजे. तिसरं नाही आमच्याकडे." माझ्या घरच्या यंत्राची भरण्याची कळ तर केव्हाच निकामी झाली होती.

आम्ही दोघेही दाराकडे पाहात होतो. पाच पावले असतील. तो जर म्हणाला असता, सर, एकदाच या, तर मी काय केले असते हे मला आजही ठाऊक नाही. गुरुजींना जाऊन वीस वर्षे झाली होती. तो तसे म्हणाला नाही. मला त्या प्रसंगात टाकायचे नाही असे त्याने ठरवले होते, आणि हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. तो म्हणाला, "इकडे या," आणि मला इमारतीच्या बाजूच्या बोळात घेऊन गेला. "ह्या भिंतीला आतून माझा स्पीकर टेकलेला आहे. तुम्ही इथे बसा. आता आत पाच-सहाच लोक आहेत, मी शेटना सांगतो. जेवढं बाहेर येईल तेवढं घ्या."

दरवानाने आपले स्टूल आणून दिले. "बाबा, अंदर नहीं जाना?"

"नहीं."

"यहाँ तो सब अंदर जाने के लिए आते हैं. आप पहले आदमी हो." तो डोके हलवत निघून गेला.

मी भिंतीला तळहात लावून बसलो. थोड्या वेळाने भिंत बोलू लागली. शब्द नव्हते, सूर नव्हते, गाणाऱ्याचा गळा नव्हता. रस्त्यावरच्या टेम्पोंनी आणि एसीच्या घरघरीने ते सगळे खाऊन टाकले होते. फक्त ठेका येत होता. दगडी पाट्यावर वरवंटा ठेवल्यासारखा जड, मग हलका. मी उजव्या हाताचा अंगठा पेरांवर ठेवला. सुरुवातीस आठ, आठ, आठ. ही वंदनेची चाल असणार. मग ठेका वेगाने चालू लागला, चढ लागल्यासारखा. मध्ये एकदा तो धावला, आणि मला वाटले, इथे काकांचे ट्रंपेट असेल. मग उतरला. कुठेही पाय अडखळला नाही. तासभर मी तळहाताने वाचत होतो, आणि माझ्यासमोर एक आखीव काव्य होते ज्यावर नुसत्या लघु-गुरूंच्या खुणा होत्या आणि अक्षर एकही नव्हते.

भिंत थांबली. तो बोळात आला. कपाळावर घाम होता.

"जागा सापडली, सर?"

"एकही नाही," मी म्हणालो. ते खरे होते. पण कशावरून कशावर तो गेला हे मला कळले नव्हते, आणि ते मी बोललो नाही. बोललो असतो तर त्याने बस सोडली असती, अशी मला भीती होती.

तो वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या बंद आहे," तो म्हणाला. "काकांना यादी देऊन ठेवलीय, कॅसेटी पण लावून ठेवल्यात. या तुम्ही. गाणी तरी ऐका."

दुसऱ्या दिवशी मी उपवास सोडून दुपारी गेलो. खुर्च्या उलट्या होत्या, फरशी ओली होती. मालक आपण होऊन म्हणाले, "मास्टरजी, गलती हमारी भी है, हमने कागज नहीं देखा." बदलापूरचे काका यंत्रांमागे उभे होते. त्यांच्यापुढे वहीचे एक पान होते आणि कॅसेटी ओळीने मांडल्या होत्या.

"मास्तर, मी कंदी जोडलं नाय. पन आज बघतो जोडून." त्यांनी पहिले गाणे लावले, आणि ते संपत आले तसे दुसरे सुरू केले. दोन ठेके एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. काकांच्या तोंडून एक अस्सल बदलापुरी शिवी गेली. त्यांनी दोन्ही यंत्रे बंद केली. "नाय होत. माझ्याच्यानं नाय होत. मी सरळ लावतो."

मग त्यांनी सरळ लावली. प्रत्येक गाणे पूर्ण संपे. खटका वाजे, काका कॅसेट काढत, दुसरी घालीत, पुन्हा खटका, फितीची खरखर, आणि पुढचे गाणे. त्यांच्या मताप्रमाणे टाळीची जागा. टाळी कोणी वाजवली नाही.

सारी गाणी मी ऐकली. किती सुंदर होती ती! साधी, आमच्या काळची, काही त्याच्या वस्तीतली, एक तर मी कधी न ऐकलेले सिंधी विवाहगीत, जे त्याने मालकांसाठी घातले असणार. मालक उठून तसबिरीकडे तोंड करून उभे राहिले. काल ज्याचा सांगाडा तळहाताला लागला होता त्याचे हे रक्तमांस होते. पण ती एकेकटी होती. मधल्या त्या रिकाम्या जागांत मी डोळे मिटून अंगठा पेरांवर ठेवी आणि कालचा ठेका आठवून शोधी: इथून तो तिकडे कसा गेला असेल? बहुतेक ठिकाणी मला सापडे. या ओळीचा शेवट दोन गुरूंवर, त्या ओळीचा आरंभ दोन गुरूंवर, हं, इथून. एकदा तर मी मोठ्याने "वा!" म्हणालो आणि काका दचकले.

एका जागी मात्र मला काही केल्या कळेना. ट्रंपेटच्या गाण्यानंतर लगेच त्याच्या वस्तीतले ते टाळीवरचे संथ गाणे होते; पिणाऱ्यांपुढे लावणार नाही म्हणाला होता, ते काल त्याने माझ्यासाठी लावले होते. एक धावते, एक बसलेले. अक्षरे जुळत नव्हती, मात्रा जुळत नव्हत्या. आणि काल भिंत तर कुठेही अडखळली नव्हती. मी काकांना विचारले, "इथे तो काय करायचा?"

काका पुढ्यातल्या कॅसेटी सारख्या करू लागले. "आता काय सांगू, मास्तर. त्याच्या बाजूला चार वर्सं बसलो, पन हाताकडं कंदी बघितलंच नाय. ट्रंपेट सरलं का मी डोळं मिटून बसायचा." मग म्हणाले, "परत लावू का?"

त्यांनी ती दोन गाणी मला तीन वेळा लावून दाखवली. तीनही वेळा मध्ये खटका आला.

गोव्याहून त्याचे एक पत्र आले. समुद्र जवळ आहे, यंत्रे चांगली आहेत, सायबांना वेगवान आवडते, असे लिहिले होते. मी उत्तरात सगळे सोडून त्या एका जोडाविषयीच विचारले. ते पत्र पोहोचले की नाही मला ठाऊक नाही; उत्तर आले नाही, आणि हॉटेल बदलल्याचे पुढे मालकांकडून कळले. काही वर्षांनी बारच राहिला नाही. काका गेले. त्यांच्या घरी मी जाऊन आलो.

कधी दोन घरांतली दोन गाणी एकदम ऐकू येतात तेव्हा मी अजून थांबतो. मला वाटते, धावणाऱ्या गाण्यातून बसलेल्या गाण्यात जाताना त्याने बहुधा काहीच जोडले नसावे. एक क्षण नुसती त्या टाळीची वाट पाहिली असावी, इतकी अचूक की भिंतीलाही ती शांतता वाटली नाही. हे माझे अनुमान आहे. विचारायला तो नाही, आणि ज्या दाराआड ते वाजले त्या दारापर्यंत जाऊन मी परत आलो, हे मलाच माझ्याजवळ ठेवायचे आहे. शब्द पाळला याचा पश्चात्ताप मला नाही. तारीख सांगताना एक ओळ खाली पाहिले नाही याचा आहे.

वाचणाऱ्यांचे कल्याण असो. आपल्या घरात जे कोणी आपल्यासाठी काही जमवून, बांधून, ऐकवण्याची वाट पाहात असतील, त्यांना तो दिवस मिळो आणि आपल्यालाही तोच दिवस मिळो. घरातल्या मोठ्यांचे कान शाबूत राहोत, धाकट्यांचे हात चालते राहोत, दूर देशी गेलेल्यांची पत्रे पोहोचोत. आपल्या अंगणात कोणत्याही घराण्याची, कोणत्याही वस्तीची चाल येवो, तिला बसायला जागा असो. अंबरेश्वर आपल्याला सुखी ठेवो.